हात लावून बघण्याचं शहर : शिकागो

शनिवार

विमानतळावरून ब्लू लाइनची गाडी पकडली आणि भाचीने दम दिला, "मामा, आज दुपारी झोपायचं नाही. झोपलात तर रात्री दोन वाजता टक्क जागे व्हाल." सामान तिच्या घरी टाकलं, चहा घेतला आणि आम्ही दोघं तिच्या मागे निघालो. डोळ्यांवर झापड असताना शहरातली पहिली गोष्ट कोणती बघावी याचं तिने आधीच ठरवलं होतं. मिलेनियम पार्क.

अनिश कपूरचं 'क्लाउड गेट' फोटोंत इतकं बघितलेलं असतं की समोर गेल्यावर काय नवीन वाटणार, असं मला वाटत होतं. या शिल्पकाराचा जन्म मुंबईतला, 1954 चा, एवढ्यावरून थोडी आपुलकी होती, बाकी उत्सुकता बेताचीच. पण फोटोत एक गोष्ट येत नाही. ते शिल्प बघता येत नाही, त्यात आपण दिसतो. लांबून मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारती वाकलेल्या दिसतात, वर ढग, आणि खाली एक मुंगीएवढी माणसांची रांग. त्या रांगेत आपण कुठे आहोत हे शोधण्यात पहिली पाच मिनिटं जातात. मग कमानीखाली शिरलं की वरचा खोलगट भाग आपल्याला ओढून, ताणून, तीन-तीन ठिकाणी लटकवतो. बायको म्हणाली, "मी यात बारीक दिसतेय, इथेच उभी राहते."

शिल्प 33 फूट उंच आणि 66 फूट लांब आहे. स्टेनलेस स्टीलच्या 168 पत्र्यांचं आहे हे सांगितलं तर खरं वाटत नाही, कारण एकही जोड दिसत नाही. 2004 मध्ये पार्क उघडलं तेव्हा जोड दिसत होते. वेल्डिंग घासून-घासून नाहीसं करायला पुढची दोन वर्षं गेली. मी खाली वाकून पत्रा जवळून बघितला. कमरेच्या उंचीपर्यंत सगळीकडे हाताचे ठसे होते. तळव्यांचे, बोटांचे, एका ठिकाणी तर कुणाच्या तरी नाकाचा आणि कपाळाचा तेलकट शिक्का. खालचा सहा फुटांचा पट्टा रोज दोनदा हाताने पुसतात. ठसे उमटवू नका असं सांगणारी पाटी मात्र मला कुठे दिसली नाही. लोकांनी हात लावायचा आणि पालिकेने पुसायचं, असा करार आहे म्हणा ना.

भाचीने एक गंमत सांगितली. पार्क नवीन होतं तेव्हा इथे व्यावसायिक कॅमेरा घेऊन आलेल्यांना पहारेकरी अडवायचे. परवाना आहे का? शिल्प चौकात उभं असलं तरी त्याच्या प्रतिमेचा हक्क कलाकाराकडे. यावरून वर्तमानपत्रांत बराच गदारोळ झाला. हा 'कुणाचं' प्रश्न पुढे आठवडाभर आमच्या मागे लागणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

शेजारीच जाउमे प्लेन्साचं 'क्राउन फाउंटन' आहे. (क्राउन म्हणजे मुकुट वगैरे काही नाही, देणगी दिलेल्या कुटुंबाचं आडनाव.) काचेच्या विटांचे 50 फुटी दोन मनोरे समोरासमोर, त्यांवर शिकागोच्या सामान्य रहिवाशांचे चेहरे. असे सुमारे हजार चेहरे चित्रित करून ठेवले आहेत. चेहरा डोळे मिचकावतो, हसू दाबतो, मग ओठांचा चंबू करतो आणि तोंडातून पाण्याची धार सुटते. पोरांना तो चंबू बरोबर ओळखता येतो. चेहऱ्याने ओठ पुढे काढायला सुरुवात केली की सगळी मनोऱ्याखाली धावतात, किंचाळत. सप्टेंबरचा शेवट होता, वारं गार होतं, तरी पोरं ओलीचिंब आणि आया टॉवेल घेऊन कडेला. मला हे कपूरच्या शिल्पापेक्षा जास्त आवडलं. तिथे माणूस स्वतःत अडकतो, इथे कुणा अनोळखी माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघत उभा राहतो.

रविवार

आर्ट इन्स्टिट्यूट. दारातले दोन काशाचे सिंह एडवर्ड केमिस या शिल्पकाराचे, 1894 पासून इथे आहेत. शहराचा संघ मोठ्या स्पर्धेत पुढे गेला की या सिंहांच्या डोक्यावर त्या संघाचं हेल्मेट चढतं, आणि डिसेंबरात गळ्यात हिरव्या डहाळ्यांचे गोल हार पडतात. हार घालण्यात आपल्याशी हातमिळवणी झालेली बघून बरं वाटलं.

याच इमारतीत 1893 च्या सप्टेंबरात सर्वधर्म परिषद भरली होती. जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने इमारत नुकतीच उभी राहिलेली, संग्रहालय अजून आत आलेलं नव्हतं. स्वामी विवेकानंद 11 सप्टेंबरला बोलले ते इथल्या तात्पुरत्या सभागृहात. ते सभागृह आता नाही. बाहेर मिशिगन अव्हेन्यूच्या एका तुकड्याला त्यांचं नाव दिलेलं आहे. तपकिरी पाटी खांबावर इतकी उंच की मान वर केल्याशिवाय दिसत नाही. भारतातून आलेले एक आजोबा तिच्याखाली हात जोडून उभे होते आणि त्यांचा नातू पाटी आणि आजोबा दोन्ही चौकटीत बसावेत म्हणून फुटपाथवर जवळजवळ आडवा झाला होता.

मला इथे यायचं होतं ते दुसऱ्याच एका कारणाने. मुंबईचा चित्रकार जितिश कल्लाट याने 2010 मध्ये, बरोबर 11 सप्टेंबरला, इथल्या भव्य जिन्यावर एक कलाकृती मांडली होती. विवेकानंदांचं ते भाषण, जिन्याच्या 118 पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर, एलईडी दिव्यांच्या अक्षरांत. अक्षरांचे रंग पाच : लाल, केशरी, पिवळा, निळा, हिरवा. 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकी सरकारने दहशतवादी धोक्याची पातळी दाखवायला जे रंग ठरवले होते, तेच. धर्मांधतेचा शेवट व्हावा असं सांगणारं 1893 चं भाषण, आणि तारीख तीच, अकरा सप्टेंबर. एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवून कल्लाट गप्प बसला. मी जिना चढलो-उतरलो, मध्ये थांबून पायऱ्यांच्या उभ्या बाजू बघितल्या. एका पायरीवर फार तर एक ओळ मावणार, म्हणजे भाषण वाचायचं तर प्रत्येक ओळीला पाय उचलावा लागत असणार. हे कागदावर वाचून कळलं नसतं.

आतली चित्रं बघायला एक दिवस पुरत नाही, आणि ज्यांच्यासाठी जग इथे येतं ती सगळी आम्हीही पाहिली. सरा या फ्रेंच चित्रकाराच्या, ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेल्या चित्रापुढे बराच वेळ बसलो. पायांनी संप पुकारला तेव्हा निघालो.

सोमवार

आजचा दिवस पायी, लूपमध्ये. डोक्यावरून खडखडत जाणाऱ्या रेल्वेच्या कड्याने वेढलेला हा शहराचा मध्य. चार चौक ओलांडले की चार जगप्रसिद्ध कलाकार, तिकीट नाही, दार नाही.

डेली सेंटरच्या चौकातला पिकासो आधी. 50 फूट उंच, 162 टन पोलादाचा, आणि नाव नाही. पिकासोने नाव दिलंच नाही, त्यामुळे लोक 'द पिकासो' म्हणतात. बाई आहे की बबून माकड, की अफगाण हाउंड जातीचा कुत्रा, यावर अजून एकमत नाही. बायकोच्या मते घोडा. शिल्पाचं अनावरण 15 ऑगस्ट 1967 ला झालं. तारीख वाचून आपण दचकतोच. पिकासो आला नव्हता. तो आयुष्यात कधीच अमेरिकेला आला नाही. शहराने देऊ केलेले एक लाख डॉलरही त्याने घेतले नाहीत, शिल्प शिकागोच्या लोकांना भेट म्हणून दिलं.

लोकांना ती भेट तेव्हा झेपली नव्हती. पडदा खाली आला आणि गर्दी गोंधळली. एका नगरसेवकाने तर हे काढून टाका आणि त्या जागी बेसबॉलपटू अर्नी बँक्सचा पुतळा बसवा, असा प्रस्ताव आणला. आपल्याकडच्या कुठल्याही महापालिकेत हा ठराव बहुमताने पास झाला असता. सार्वजनिक ठिकाणी उभं करायचं म्हणजे कुणीतरी थोर माणूस, चौथऱ्यावर, भोवती रेलिंग, हे आपल्याही डोक्यात पक्कं बसलेलं. इथे मात्र तो बबून राहिला, आणि आज त्याच्याशिवाय हा चौक कुणी डोळ्यांपुढे आणू शकत नाही.

जवळ जाऊन बघण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचा गंज. हे कॉर-टेन पोलाद. याच्यावर गंजाचा पहिला थर बसतो आणि तोच आतल्या धातूला पुढच्या गंजापासून वाचवतो, म्हणून रंग द्यावा लागत नाही. मागची सगळी इमारतही याच पोलादाची, त्यामुळे दोघांचा तपकिरी रंग एकाच वयाने मुरलेला. हात फिरवला तर बारीक खरखर जाणवते, पण बोटाला गंज चिकटत नाही. पण पायथ्याशी पोलादाचा जो उतार आहे तो गुळगुळीत. तिथे पोरं घसरगुंडी खेळतात. अर्ध्या शतकाहून जास्त काळ पिढ्यान्‌पिढ्यांच्या चड्ड्यांनी घासून घासून तो पट्टा चकचकीत झाला आहे. आम्ही होतो तेव्हा एक छोटी मुलगी पालथी होऊन वर चढत होती, अर्ध्यावर जाऊन खाली यायची, पुन्हा चढायची. तिची आई शेजारी बसून फोनवर बोलत होती. पिकासोकडे दोघींनीही बघितलं नाही.

आणि शनिवारच्या त्या 'कुणाचं' प्रश्नाचं इथलं उत्तर : कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं. पालिकेने शिल्पाच्या प्रतिकृतीची प्रसिद्धी करताना स्वामित्वहक्काची सूचना छापली नव्हती. त्यावरून खटला झाला आणि 1970 मध्ये न्यायालयाने शिल्प सार्वजनिक मालकीचं ठरवलं. म्हणजे पिकासोचं कीचेन, टोपी, बिस्किट, काय हवं ते बनवा.

रस्त्यापलीकडे, दोन इमारतींच्या बोळकांडीत, जोआन मिरोची बाई उभी आहे. काँक्रीट, कांसं आणि रंगीत टाइल्सची, 39 फुटांची, डोक्यावर काट्यासारखं काहीतरी. आराखडा पिकासोच्याच काळातला, पण उभी राहायला 1981 उजाडलं. जागा अंधारी, बिचारीला ऊन मिळत नाही. मिरोवर इथे अन्याय झालाय असं माझं मत.

मार्क शगालच्या 'चार ऋतू'पाशी मात्र आम्ही जेवणाची वेळ विसरलो. एका बँकेच्या इमारतीपुढे रस्त्याच्या पातळीखाली उतरत जाणारा चौक, आणि त्यात 70 फूट लांब, 14 फूट उंच मोझेकचा ठोकळा. 1974 चा. चारही बाजूंनी फिरत बघायचं : मासे, सूर्य, उडणारी जोडपी, आणि मागे शिकागोच्याच इमारती. शगाल याआधी इथे येऊन गेला त्याला बरीच वर्षं लोटली होती. चित्रातलं क्षितिज त्याच्या आठवणीतलं होतं. प्रत्यक्षात आला आणि बघतो तर शहर उंच होऊन बसलेलं. मग त्याने कामाच्या ठिकाणीच बदल केले, आणि शिकागोच्या विटांचे तुकडेही त्यात बसवले. भाचीने मला ते शोधायला लावले. निळ्या-जांभळ्या काचेच्या झळाळत्या कपच्या, आणि मध्येच एक मळकट, खडबडीत, विटकरी तुकडा. एक सापडला की मग भराभर दिसायला लागतात. 250 हून अधिक रंगछटांत तो विटेचा रंग तेवढा या मातीतला.

ऊन-पाऊस आणि इथला भयंकर हिवाळा यांनी कपच्या सुटू लागल्या, म्हणून 1994 मध्ये वर काचेचं छप्पर घातलं. छपरामुळे सावल्या पडतात आणि शिल्प थोडं दुकानातल्या वस्तूसारखं वाटतं. पण नसतं घातलं तर आज काय उरलं असतं?

फेडरल प्लाझातला काल्डरचा 'फ्लेमिंगो' शेवटी. मीस व्हान डेर रोहे या वास्तुकाराच्या काळ्या, काटकोनी, मोजूनमापून उभ्या इमारती आणि त्यांच्या मधोमध 53 फुटांचा हा लालभडक वाकडातिकडा पक्षी. चौकातून ऑफिसची माणसं त्याच्या पायांखालून ये-जा करत होती, सरळ रेषेत, घाईत. पक्षी म्हणून बघितलं तर पाय मोजता येत नाहीत. खाली उभं राहून वर बघितलं तर कमानींचं देऊळ. एका दिवसात जे बघितलं त्यात जागेशी सगळ्यात नीट जमलेलं हेच.

यादीत एक नाव आणखी होतं, द्युबुफेचं पांढरं फायबरग्लासचं शिल्प, 29 फुटांचं, ज्याला इथले लोक 'मिक्सरमधला स्नूपी' म्हणायचे (स्नूपी म्हणजे कार्टूनमधला पांढरा कुत्रा). राज्य सरकारच्या इमारतीपुढे ते 1984 पासून होतं. इमारत विकली गेली, नव्या मालकाचं काम सुरू झालं आणि 2024 मध्ये शिल्प हलवलं. भाची म्हणाली, "मी पहिल्या वर्षी त्याच्या आत बसून डबा खायचे." त्या कोपऱ्याकडे आम्ही गेलोच नाही.

मंगळवार

पाय बोलत होते, म्हणून बोट. शिकागो नदीवरून इमारती दाखवणारी फेरी. आधी जी नदी मिशिगन सरोवराला मिळायची तिचा प्रवाह 1900 मध्ये उलटा फिरवला, शहराची घाण पिण्याच्या पाण्यात जाऊ नये म्हणून. बोटीवरच्या बाई हे अगदी अभिमानाने सांगतात. खालच्या अंगाच्या गावांना काय वाटलं ते विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

विलिस टॉवर दिसला तेव्हा मी कान टवकारले. 110 मजले, 442 मीटर. त्याचा संरचना अभियंता फझलूर रहमान खान, जन्म ढाक्याचा. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून त्यांनी हा मनोरा वाऱ्यापुढे उभा केला. वर जाताना काही नळ्या मध्येच संपतात, म्हणून इमारत पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आपल्या बाजूच्या माणसाचं या आकाशरेषेवर एवढं मोठं काम आहे हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी नदीकाठी मर्चंडाइज मार्टच्या अवाढव्य भिंतीवर प्रोजेक्टरने चालणारी चित्रं बघितली. 34 प्रोजेक्टर, भिंत अडीच एकरांची. पहिली दहा मिनिटं तोंड उघडं, नंतर जांभया.

बुधवार

पिंक लाइनने 18व्या रस्त्याचं स्टेशन. उतरताक्षणी जिन्याच्या पायऱ्या, भिंती, खांब सगळं रंगवलेलं. हा पिल्सन. नाव चेक स्थलांतरितांनी आणलेलं, वस्ती आता मुख्यतः मेक्सिकन. सोमवारच्या शिल्पांना शहराने, बँकेने, सरकारने जागा दिली होती. इथे माणसांनी आपापल्या भिंती दिल्या आहेत. 16व्या रस्त्यालगतच्या रेल्वेच्या भरावाची काँक्रीटची भिंत चालत संपत नाही : मक्याची कणसं, ग्वादालूपेची माता, कामगार, सांगाडे, फुलपाखरं. कुठे रंगाचे पोपडे निघालेत, कुठे जुन्यावर नवं चढलंय. वरून मालगाडी गेली की भिंत थरथरते.

भित्तिचित्रांच्या बाबतीत शिकागोची गोष्ट मोठी आहे. ज्या 1967 च्या उन्हाळ्यात पिकासोवरचा पडदा उघडला, त्याच उन्हाळ्यात शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीय कलाकारांनी एका जुनाट इमारतीच्या भिंतीवर आपले नायक रंगवले. तिला 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' म्हणत. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स यांनी दोन्हींवर कविता लिहिल्या. पिकासो अजून उभा आहे. ती भिंत 1971 च्या आगीनंतर पाडली गेली, पण देशभर वस्त्यावस्त्यांत भिंती रंगवण्याची लाट तिथूनच उठली असं मानतात.

पिल्सनमध्येही तेच घडत आलंय. 'कासा आस्त्लान' नावाच्या वस्तीच्या केंद्रावर चार दशकांहून जुनी चित्रं होती. इमारत विकली गेली आणि 2017 मध्ये नव्या मालकाने ती राखाडी रंगाने पुसली. लोक भडकले. शेवटी मूळ चित्रकार रे पात्लान यांनाच बोलावून नवं चित्र काढावं लागलं. आम्ही ते बघितलं. रंग अजून ताजे आहेत, चेहरे ठसठशीत. आत मात्र आता भाड्याची घरं आहेत. भिंतीवरच्या लोकांना आतलं भाडं परवडेल का, हा भाचीचा प्रश्न.

मेक्सिकन कलेचं राष्ट्रीय संग्रहालय जवळच आहे आणि प्रवेश फुकट. शहरात एकच संग्रहालय बघायला वेळ असेल तर मी आर्ट इन्स्टिट्यूट सांगेन, पण नाखुशीने.

गुरुवार

हाइड पार्क, शिकागो विद्यापीठ. एलिस अव्हेन्यूवर फुटपाथला लागून हेन्री मूरचं 'न्यूक्लिअर एनर्जी', 12 फुटांचं कांसं. 2 डिसेंबर 1942 ला दुपारी 3 वाजून 36 मिनिटांनी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी या जागी, तेव्हाच्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली, जगातली पहिली नियंत्रित अणुशृंखला प्रक्रिया घडवली. बरोबर 25 वर्षांनी, त्याच मिनिटाला, शिल्पाचं अनावरण. वरून बघितलं तर गुळगुळीत घुमट : कवटी म्हणा, अळंबीसारखा तो ढग म्हणा. खालून बघितलं तर खांब आणि पोकळ्या, एखाद्या गढीसारखं. आम्ही तिथे असताना दोन विद्यार्थी त्याला टेकून कॉफी पीत होते. याची छोटी आवृत्ती हिरोशिमाच्या कलासंग्रहालयात आहे, हे वाचल्यावर मला तिथे हात लावावासा वाटेना.

पुढे वॉशिंग्टन पार्कच्या टोकाला लोराडो टाफ्टचं 'फाउंटन ऑफ टाइम', 1922 चं. तळ्याच्या एका बाजूला काळपुरुष काठीवर भार देऊन उभा आणि पलीकडे त्याच्यासमोरून वाहत जाणारा मानवांचा शंभरएक जणांचा लोंढा : सैनिक, प्रेमिक, भिकारी, घोडेस्वार. सगळं काँक्रीटमध्ये ओतलेलं. टाफ्टने मागच्या बाजूला स्वतःलाही घुसवलंय, अंगात कामाचा डगला. फिरून मागे गेल्याशिवाय तो भेटत नाही. आम्ही तासभर होतो, त्यात एक सायकलवाला सोडून कुणी आलं नाही. मिलेनियम पार्कमध्ये जागा मिळत नाही आणि इथे माणूस नाही. पर्यटकांच्या नकाशात शहर एवढ्या दक्षिणेला येतच नाही.

शुक्रवार

विमान संध्याकाळचं. सकाळी ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला माग्दालेना अबाकानोविचचं 'अगोरा' : 106 लोखंडी माणसं, नऊ फुटी, ना डोकं ना हात. पोलंडमध्ये ओतून आणलेली. लांबून गर्दी वाटते, आत शिरलं की कळतं प्रत्येकजण वेगळ्या दिशेला निघालाय. पाठी पोकळ, आणि त्वचा झाडाच्या सालीसारखी. भाचीला ही आवडत नाहीत. बायकोला आवडली. दोघींचा वाद ब्लू लाइनमध्ये ओहेअर येईपर्यंत चालला.

विमानतळावर वाटलं, झालं आता. पण टर्मिनल 1 मध्ये एका कॉन्कोर्सवरून दुसऱ्याकडे जायच्या भुयारात छतभर निऑनच्या नळ्या, रंग बदलत, नागमोडी. मायकल हेडनचं 1987 चं काम. चालत्या पट्ट्यावर उभं राहायचं आणि वर बघायचं. टर्मिनल हेल्मुट यान या वास्तुकाराचं, म्हणजे ज्याच्या इमारतीपुढून द्युबुफे हलवला तोच.

आमचं गेट अलीकडच्याच बाजूला होतं, भुयार ओलांडायची गरज नव्हती. बायको तरी पलीकडे जाऊन परत आली आणि म्हणाली, "अजून चाळीस मिनिटं आहेत, तुम्ही बॅगांपाशी बसा," आणि पुन्हा गेली.